लोकलने उतरा, पुढे पायी चला

पालघर-बोईसरची माणसे रोज लोकलने मुंबईकडे धावतात, पण त्याच लोकलने आपल्या समुद्राकडे जात नाहीत. विरारपुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड अशी स्टेशने आहेत. रुळांच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. तरीही आपल्या मोहल्ल्यात सहल म्हटली की आधी भाड्याची गाडी ठरते, मग बिर्याणीची देग आणि मग माणशी वर्गणी. ज्या घराला वर्गणी परवडत नाही, त्या घरातली मुले मागे राहतात.

ब्रिटनमधल्या वेल्सने २०१२ साली आपल्या अख्ख्या किनाऱ्याला लागून पायवाट खुली केली. तिची लांबी सुमारे १,४०० किलोमीटर आहे. पश्चिमेकडची तिथली रेल्वे कित्येक ठिकाणी समुद्राला खेटून जाते. लोक एका लहानशा स्टेशनावर उतरतात, किनाऱ्याने चालतात आणि दुसऱ्या स्टेशनावरून घरी परततात. त्यासाठी मोटार लागत नाही. समुद्र आणि रेल्वे आपल्याकडेही आहेत. वाट मात्र कुणी आखलेली नाही.

तरी चालता येते. केळवे रोडला उतरून रिक्षाने केळवे गाठा. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर या आणि उत्तरेला माहीमच्या दिशेने चला. हे मुंबईतले माहीम नव्हे. इथे पानवेली आणि नारळाच्या वाड्या आहेत. परतताना केळव्याला न जाता पालघर स्टेशन गाठायचे. बोईसरहून तारापूरचा किल्ला आणि खाडीपलीकडचे चिंचणी एका दिवसात होते. शिरगाव, माहीम, तारापूर इथले किल्ले १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतले. इतिहासाच्या पुस्तकात वसईवर थांबणारी मुले हे दगड हाताने चाचपू शकतात. डोंगर हवा असेल तर सफाळ्याला उतरून तांदूळवाडीचा गड आहे. वरून वैतरणेचे वळण दिसते.

किनाऱ्यावर चालायचे तर भरती-ओहोटी पाहावी लागते, आणि इथे आपल्या घरातले चांद्र कॅलेंडर उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे चांद्र तारखेने एकोणतीस-तीस आणि चौदा-पंधराच्या आसपास, उधाण मोठे असते आणि आपल्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते. पुढे ती रोज पाऊण-एक तासाने सरकते. त्यामुळे सात-आठ किंवा एकवीस-बावीस तारखेच्या आसपास भरदुपारी ओहोटी मिळते आणि वाळू मोकळी असते. तरीही निघण्याआधी गावातल्या कोळ्याला विचारावे आणि खाडीच्या मुखाशी धाडस करू नये.

उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो की ‘सैर’ हा शब्द अरबीतून आला आणि मुळात त्याचा अर्थ चालणे, जाणे असा आहे. उर्दूने आणि मराठीनेही तो घेतला, पण आपण त्यातले चालणे काढून टाकले. मुलींच्या बाबतीत तर सैरच काढून टाकली. शाळा ते घर यापलीकडे त्यांचे पाय जात नाहीत. मुलींना समुद्रावर एकटे पाठवा असे मी म्हणत नाही. आई, खाला, फुफी, शेजारच्या मावशी अशा दहाजणींनी महिलांच्या डब्यातून मिळून जावे. यात कुणाला कसली हरकत असावी?

कुणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न सोडून हे काय? हाही पोटापाण्याचाच प्रश्न आहे. तारापूरची औद्योगिक वसाहत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या सर्वांत प्रदूषित पट्ट्यांत होती. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनारा बदलणार आहे. बंदर हवे की नको, यावर लोकांची मते वेगवेगळी आहेत. पण ज्याने ती वाळू कधी तुडवली नाही, ते पाणी आणि ती जाळी पाहिली नाहीत, तो कशाच्या आधारावर मत देणार? मच्छीमार बोलतात, कारण त्यांना किनारा ठाऊक आहे. बोईसरच्या चाळीतला कामगार, पालघरचा दुकानदार, आपला शिक्षक गप्प बसतो, कारण समुद्र त्याला परका आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक स्टेशनाबाहेर मराठीत फलक हवा: किनारा किती किलोमीटर, वाट कुठून, शेवटची गाडी कधी. स्टेशन ते समुद्र या रस्त्यांच्या कडेला चालायला जागा आणि सावलीला झाडे हवीत. वाटेत बायकांसाठी स्वच्छ मुतारी हवी, नाहीतर बायका येणार नाहीत. हे ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेकडे मागावे लागेल. मागणाऱ्याने आधी ती वाट स्वतः चालून पाहिलेली असेल तर अर्जात वजन येते.

थंडीचे दिवस यासाठी उत्तम. डब्यात भाकरी, बाटलीत पाणी, खिशात परतीचे तिकीट. आणि वर्गातल्या ज्या मुलाची वर्गणी येणार नाही, त्याला पहिल्यांदा बोलवा.