गोरोबाकाकांच्या अभंगातली तुटकी वर्तुळे

संतवाणी मोबाइलवर वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. विठ्ठलाची वेलांटी 'व'ला सोडून एका तुटक वर्तुळाला लटकलेली असते. दंडाच्या जागी रोमन 'आय' उभा असतो. चरण एकमेकांत मिसळून अभंगाचा सलग परिच्छेद झालेला असतो. वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो आणि तीच मोडकी प्रत पुढच्या गटात पाठवतो.

यामागचे कारण साधे आहे. जुन्या संगणकीय फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रूपांतर करताना हा क्रम फिरवला नाही, की वेलांटी पोरकी होते. 'वारकऱ्यांचा'मधला अर्धा र काही वेळा एका अदृश्य जोडचिन्हावर तगलेला असतो. मजकूर 'साफ' करणारी प्रणाली ते चिन्ह पुसते आणि 'वारकर्यांचा' उरते. मग शुद्ध शब्द टाकून शोधणाऱ्याला अभंग सापडतच नाही.

याहून घातक चूक डोळ्यांना दिसतही नाही. स्कॅन केलेल्या पानावरचा अनुस्वार यंत्राला डाग वाटतो आणि गळतो. जुन्या मराठीत 'देवें' म्हणजे देवाने. तिथे ठिपका गेला की विभक्तीच जाते. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले खरे, पण केशवसुतपूर्व पद्य मुळाप्रमाणेच छापावे, असेही 1972 मध्ये भर घातलेल्या नियमांत बजावले आहे. आपोआप शुद्धलेखन सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कोण सांगणार?

पाठ बिघडण्याचे दुखणे जुने आहे. म्हणून तर एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. 1869 मध्ये इंदुप्रकाश छापखान्याने तुकोबांची गाथा छापली तीही हस्तलिखिते ताडून. आज मात्र बिघाडाचा वेग निराळा आहे. भाषेची नवी यंत्रे हाच मजकूर गिळून मराठी शिकत आहेत, आणि दृष्टिहीनांना वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरे पडद्यावर जे असेल तेच उच्चारतात. पाठांतर असलेली पिढी आहे तोवर चूक कळेल. त्यानंतर मोडका पाठच मूळ ठरेल, आणि तो मोडका आहे हे सांगायलाही कोणी नसेल.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात ठरली, पेढे वाटून झाले. पण तपासलेली, युनिकोडमधली, कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येणारी संतवाङ्मयाची प्रमाण प्रत तयार करणे हे शासनाचे काम आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ते अंगावर घ्यावे. नुसती पानांची छायाचित्रे अपलोड करून डिजिटायझेशन झाल्याचे सांगू नये.

सुरुवात गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, धाराशिव जिल्ह्यातून करता येईल. इथे झालेल्या 2020 च्या साहित्य संमेलनाच्या नगरीला त्यांचेच नाव दिले होते. त्यांच्या शब्दांकडे लक्ष देण्याची ती जबाबदारीही होती. मडके थापटून पाहणाऱ्या या संताचे उपलब्ध अभंग मोजकेच आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे मराठी विभाग, गोरोबाकाकांच्या तेर गावचे कीर्तनकार आणि फॉन्टांची जाण असलेला एखादा तरुण एकत्र बसले, तर छापील आवृत्त्यांशी अक्षरन्‌अक्षर ताडून ते एका उन्हाळ्यात शुद्ध होतील. कोणत्या आवृत्तीतून कोणता पाठ घेतला, हे प्रत्येक अभंगाखाली नोंदवले पाहिजे. जिल्हा प्रशासनाने यासाठी लागणारी किरकोळ तरतूद तेरच्या पुढच्या चैत्री यात्रेआधी करावी.