भांडाराचीं दोन दारें

हल्लीं बहुतेक हायस्कुलांतून संगणकाचा अभ्यास चालतो, आणि मुलें जे प्रोग्राम लिहितात त्यांच्या एकामागून एक होणाऱ्या आवृत्त्या जतन करण्यास ‘गिट’ हें साधन वापरावें, याविषयीं शिक्षकवर्गांत फारसा मतभेद राहिलेला नाहीं. मतभेद आहे तो पुढल्या प्रश्नावर. हीं भांडारें ठेवावयाचीं कोठें? एक पक्ष म्हणतो, परदेशांतील मोठ्या कंपनीच्या संस्थळावर फुकट जागा मिळते, ती घ्यावी व मोकळें व्हावें. दुसरा पक्ष म्हणतो, शाळेच्या संगणकखोलींतील एका यंत्रावर आपलाच वेब-सर्व्हर मांडावा व भांडारें तेथून द्यावीं. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहों. परंतु ज्या उत्साहानें हा पक्ष मांडला जातो तो उत्साह आम्हांस कित्येकदां धास्ती वाटण्याजोगा दिसतो, म्हणून हा लेख.

ज्यांस गिटचा परिचय नाहीं त्यांनीं पेढीवरील रोजकीर्द डोळ्यांपुढें आणावी. जुन्या मुनिमाच्या कीर्दींत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर दुरुस्तीची निराळी रक्कम पुढें लिहावयाची. गिटमधील प्रत्येक नोंद, जिला ‘कमिट’ म्हणतात, अशीच मागील नोंदीशीं जोडलेली असते. नोंदीच्या मजकुरावरून एक लांबलचक खूण काढलेली असते व तींत मागल्या नोंदीची खूणही गुंफलेली असते. म्हणून मधलें एक अक्षर जरी कोणी बदललें तरी तेथून पुढल्या सर्व खुणा बदलतात आणि लबाडी उघडकीस येते. मात्र एका बाबतींत ही कीर्द मुनिमाच्या कीर्दीहून भोळी आहे. नोंदीखालीं लेखकाचें जें नांव असतें तें लिहिणाऱ्यानें स्वतःच घातलेलें असतें. गणूनें गोपाळाचें नांव घातलें तर गिट त्यास अडवीत नाहीं. वेगळी सही जोडली नसेल तर नोंद खरोखर कोणी आणून दिली हें ओळखण्याचें काम दारावरच्या पहारेकऱ्याचें, म्हणजे सर्व्हरचें, आहे. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

परक्याच्या घरीं ठेव ठेवण्यास आमचा विरोध कां, तें थोडक्यांत सांगतों. गिटचा जन्मच अशा एका ठेवीच्या प्रकरणांतून झाला. लिनक्सच्या गाभ्याचें काम ‘बिटकीपर’ नांवाच्या एका कंपनीच्या साधनावर चाले; २००५ साली त्या कंपनीनें फुकट वापराची सवलत काढून घेतली, आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनीं त्याच एप्रिलांत गिट लिहावयास घेतलें. गुगलसारख्या धनाढ्य कंपनीनें आपलें ‘गुगल कोड’ हें भांडारगृह २०१५ साली मिटावयास घेतलें व २०१६ च्या आरंभीं बंद केलें. बिटबकेट या संस्थळानें २०२० साली मर्क्युरियल पद्धतीचीं भांडारें ठेवण्याचेंच सोडून दिलें. या कंपन्यांनीं कांहीं अन्याय केला असें आमचें म्हणणें नाहीं. घर त्यांचें, कुलूप त्यांचें. शिवाय शाळांस एक नियमाची अडचण आहे. गिटहबवर खातें उघडण्यास तेरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. आमच्या सहावींतील मुलांनीं मग काय करावें? वय खोटें लिहावें? संगणकाचा पहिलाच धडा असत्यानें सुरू व्हावा हें आम्हांस मान्य नाहीं.

आतां मांडणीकडे वळूं. सर्व्हरवरील भांडार ‘बेअर’, म्हणजे नुसत्या इतिहासाचें, असावें. त्यांत काम करण्याच्या फायली पसरलेल्या नसाव्या. पूर्वीं वेबवरून गिट चालविण्याची रीत अगदीं साधी होती. अपाची हा सर्व्हर फायली जशाच्या तशा देई, आणि मागणारा एकेक तुकडा मागून नेई. वाचन कसेंबसें होई. लेखनास वेगळी खटपट करावी लागे. २००९ च्या अखेरीस निघालेल्या गिटच्या १.६.६ या आवृत्तीपासून शॉन पीअर्स यांनीं लिहिलेला ‘गिट-एचटीटीपी-बॅकएंड’ नांवाचा एक मध्यस्थ प्रोग्राम मिळूं लागला. ठराविक पत्त्यावर आलेली मागणी अपाचीनें या मध्यस्थाच्या हातीं द्यावयाची; मागणाऱ्याजवळ काय आहे व काय नाहीं हें विचारून मध्यस्थ उणें असेल तेवढेंच गाठोड्यांत बांधून देतो. संगणकखोलींतील चाळीस मुलांनीं एकाच तासांत भांडार मागितलें तरी काम निभतें, आणि बाहेरचें इंटरनेट त्या दिवशीं बंद असलें तरी अडत नाहीं.

या मध्यस्थास सांगावयाच्या गोष्टी फार नाहींत. भांडारें कोणत्या फोल्डरांत आहेत तें एका ओळींत सांगावयाचें. सगळींच बाहेर दाखवावयाचीं, कीं ज्या भांडारांत परवानगीची एक रिकामी फाईल मुद्दाम ठेवली आहे तेवढींच, हें दुसऱ्या ओळीनें ठरतें. ‘सगळीं दाखवा’ ही सोयीची ओळ शाळेनें लिहूं नये असा आमचा आग्रह आहे. प्रश्नपत्रिकांचें भांडार चुकून त्याच फोल्डरांत येऊन पडण्यास एक आळसाचा दिवस पुरतो. शाळेचें संस्थळ ज्या फोल्डरांतून जगास दाखविलें जातें तेथेंच गिटचा गुप्त फोल्डर राहूं देणें ही याच जातीची चूक होय. पत्ता ओळखणारा कोणीही मग सारा इतिहास उचलून नेऊं शकतो.

लेखनाच्या बाबतींत हा मध्यस्थ मुळांत सावध आहे. ज्यास अपाचीनें नांव विचारून ओळखलें नाहीं त्याचें लेखन तो आपण होऊन नाकारतो. परंतु ‘नाकारलें’ असें उत्तर पाहून पुष्कळजण घाईनें अनोळखी लेखनास मुभा देणारी ओळ घालतात. मुलांस ओळखूनही लेखन अडत असेल तर खरें कारण बहुधा निराळेंच, म्हणजे फायलींची मालकी, असतें. भांडार शिक्षकानें यंत्राच्या मुख्य चालकाच्या नांवानें तयार केलेलें. अपाची मात्र डेबियन व उबुंटूवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या निराळ्या नांवानें वावरतो. त्यास तेथें लिहितां येत नाहीं. २०२२ सालापासून तर गिट परक्या मालकीचें भांडार उघडण्यासच कां-कूं करतें. मालकी सुधारावी हा उपाय. सर्वांस सर्व मुभा देणारी ती प्रसिद्ध ‘सीएचमॉड ७७७’ ही आज्ञा द्यावी हा उपाय नव्हे. ती म्हणजे किल्ली सांपडेना म्हणून दारच उखडून टाकणें आहे.

येथवर आमच्या पक्षाचे उत्साही मित्र आमच्याबरोबर येतील. पुढें ते थांबतील, कारण पुढें पीएचपीचें प्रकरण आहे, आणि विरुद्ध पक्ष तें नेहमीं आमच्या तोंडावर फेंकतो.

पीएचपी ही वेब-पृष्ठें तयार करण्याची भाषा. तिचें मूळ भांडार तिचे कार्यकर्ते स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवीत. २८ मार्च २०२१ रोजीं त्यांत दोन नोंदी आल्या. एकीखालीं नांव होतें भाषेचे जनक रासमुस लेर्डोर्फ यांचें, दुसरीखालीं प्रमुख कार्यकर्ते निकिता पोपोव्ह यांचें. पहिलीचें वर्णन, लिहितांना झालेली एक बारीक चूक सुधारली, एवढेंच होतें. प्रत्यक्षांत तिनें असें चोरदार बसविलें होतें कीं, विशिष्ट शब्द घालून मागणी पाठविणाऱ्या परक्यास सर्व्हरवर वाटेल ती आज्ञा चालवितां यावी. सुदैवानें इतर कार्यकर्त्यांनीं नेहमींप्रमाणें नोंदी तपासतांना कांहीं तासांतच ती पकडली, आणि ती कोणत्याही प्रसिद्ध आवृत्तींत गेली नाहीं.

प्रथम सर्वांस वाटलें कीं सर्व्हरच फोडला गेला. चौकशीअंतीं पोपोव्ह यांनीं जें प्रसिद्ध केलें तें प्रत्येक संगणक-शिक्षकानें मननपूर्वक वाचावें असें आहे. त्या भांडारास लेखनाचीं दोन दारें होतीं. एक एसएसएचचें, तेथें प्रत्येकाची स्वतःची किल्ली तपासली जाई. दुसरें वेबचें, तेथें तोच अपाची, तोच मध्यस्थ प्रोग्राम, आणि पहाऱ्यास नुसता पासवर्ड. हें दुसरें दार कोणी चोरून पाडलेलें नव्हतें; तें मुद्दामच ठेवलेलें होतें, आणि तें आहे हें घटनेच्या वेळीं खुद्द पोपोव्ह यांस ठाऊक नव्हतें! नोंदवहींत असें दिसलें कीं, परक्यानें वापरकर्त्याच्या नांवाचे थोडेसे अंदाज केले, आणि नांव बरोबर जमतांच पासवर्डही लागलीच जुळला. ज्यास नांव अंदाजानें शोधावें लागतें त्यास पासवर्ड आधींच ठाऊक असावा हें विचित्रच. तेव्हां पासवर्डांची यादी, जी फार जुन्या प्रणालीवर पडून होती, ती फुटली असावी असा तर्क झाला. पुढें त्यांनीं आपल्या सर्व्हरची ही जबाबदारी नकोच असें ठरवून मुख्य भांडार गिटहबवर हलविलें.

विरुद्ध पक्ष म्हणतो, एवढ्या मोठ्या मंडळींस जें झेंपलें नाहीं तें हायस्कुलाच्या मास्तरांस काय झेंपणार? प्रश्न तिखट आहे, आणि तो हंसण्यावारी नेऊं नये. परंतु आम्हांस या प्रकरणांतून निराळाच निष्कर्ष निघतांना दिसतो. ज्या दारावर किल्लीचा पहारा होता त्या दारानें घात केला नाहीं. घात केला तो ज्याची कोणास आठवण नव्हती त्या दारानें. शिवाय पीएचपीवर जगांतील असंख्य संस्थळें चालतात. तेथें घुसण्याची हांव कोणासही सुटेल. आठवीच्या मुलांच्या गुणाकाराच्या प्रोग्रामांवर कोणी टपून बसलेला नाहीं; आणि शाळेचा सर्व्हर शाळेच्या आवारापुरताच ठेवला तर टपणाऱ्यास रस्ताही उरत नाहीं.

म्हणून आमचें मत असें. वेब-सर्व्हर मांडावा तो वाचनासाठीं, आणि लेखनाची सोय त्यावर मुळींच ठेवूं नये. अपाचीच्या द्वारें भांडार पहावें, उतरवून घ्यावें. नोंदी द्यावयाच्या त्या एसएसएचनें, प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या किल्लीनें. लहान मुलांस किल्ल्यांचें प्रकरण कठीण जाईल असा आक्षेप येतो. पहिले दोन तास कठीण जातें खरें. पण पासवर्ड सोपा म्हणून जो आग्रह धरला जातो त्याचें फळ आम्हीं एका शाळेंत डोळ्यांनीं पाहिलें आहे: सर्व वर्गाचा एकच पासवर्ड, आणि तो फळ्याच्या कोपऱ्यांत खडूनें लिहिलेला. अशा ठिकाणीं नोंद कोणाची हें ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं. ज्या गिटहबकडे आमचे मित्र बोट दाखवितात त्यानेंही १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांत खात्याचा साधा पासवर्ड घेण्याचें बंद केलें आहे. तेव्हां सोय म्हणून तिकडे जाणाऱ्यासही किल्ली, नाहींतर तिच्यासारखेंच कांहीं, शिकावेंच लागतें.

ज्यांस कांहीं कारणानें वेबवरून लेखन ठेवणें भागच आहे त्यांनीं निदान एचटीटीपीएसवांचून तें ठेवूं नये. अपाचीची साधी पासवर्ड-पद्धति पासवर्डास कुलूप लावीत नाहीं, नुसता वेष बदलते. वाटेंतील कोणीही तो वेष उतरवूं शकतो. प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतें, पण तें थोड्याच मुदतीचें असतें व वरचेवर नवें करावें लागतें. त्याचबरोबर भांडारास दोन बंधनें घालावीं: जुना इतिहास पुसून नवा लादतां येऊं नये, व शाखा खोडतां येऊं नये. गिटमध्यें दोहोंसाठीं एकेक ओळ पुरते, आणि ती घातल्यावांचून कीर्दीची उपमा खरी ठरत नाहीं.

राहिला जतनाचा प्रश्न. उतरवून घेतलेल्या प्रत्येक प्रतींत सारा इतिहास असतो, त्यामुळें सर्व्हरचें यंत्र जळालें तरी मुलांच्या यंत्रांवरून भांडार पुन्हां उभें करतां येतें. ही गिटची मोठीच थोरवी होय. पण अशा प्रतींबरोबर सर्व्हरवरील नियम, परवानग्या, किल्ल्यांची यादी व अपाचीची मांडणी हीं येत नाहींत. त्यांची नक्कल वेगळी काढून, यंत्रापासून दूर, मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेवावी. तींत प्रत्येक दाराची नोंद असावी, आणि दरवर्षीं जूनमध्यें ती यादी यंत्राशीं ताडून पहावी. दोन शिक्षकांस तरी ही मांडणी ठाऊक असावी, कारण एकाची बदली झाली म्हणजे उरलेल्या शाळेस आपल्या सर्व्हरवर कोणतीं दारें उघडीं आहेत हें कळण्यास दुसरा मार्ग राहत नाहीं. असे दोन शिक्षक मिळत नसतील तर त्या वर्षीं सर्व्हर मांडूं नये. भांडारें पेनड्राइव्हवर ठेवून काम चालवावें. गिट त्यावरही चालतें.