पहिला गुरुवार

गाणं सुरू होऊन कितीतरी मिनिटं झाली, तरी बाई गात नाहीत. नुसती वाद्यं, त्यांत चक्क इलेक्ट्रिक गिटार. मग तो भरदार आवाज येतो, एक ओळ गातो आणि सभागृहात एकच कल्लोळ उठतो. लोक तीच ओळ पुन्हा मागतात. बाई गातात, पण या खेपेला एका शब्दावर रेंगाळतात. पुन्हा मागणी, पुन्हा नवी जागा. इजिप्तच्या उम्म कुलथूम यांचं हे ‘इन्ता उमरी’, १९६४ सालचं. संगीत मोहम्मद अब्देल वहाब यांचं. मला अरबी येत नाही, तरी तासभर जागचा हललो नाही. या तल्लीनतेला अरबीत ‘तरब’ म्हणतात.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यात त्यांचे वडील मशिदीत इमाम होते, लग्नाकार्यांत भक्तिगीतंही गायचे. ते मुलाला शिकवत, आणि ही पोर ऐकून ऐकून शिकली. मुलीनं चारचौघांत गाणं बरं दिसेना, म्हणून वडिलांनी तिला मुलाचे कपडे घालून उभं केलं. लहानपणी केलेलं कुराणाचं पठण शेवटपर्यंत कामी आलं. एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येतं.

विशीच्या आसपास त्या कैरोला आल्या. कवी अहमद रामी, संगीतकार कसबगी आणि सुन्बाती अशी माणसं भेटली. सहा चित्रपट केले, पण त्यांचं खरं घर रेडिओ. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री त्यांची मैफल थेट प्रसारित व्हायची. हातात रुमाल, मागे वाद्यवृंद, आणि दोन-तीन गाण्यांत रात्र सरायची. तीन दशकांहून अधिक काळ अरब जगातली घरं त्या रात्री रेडिओभोवती बसत.

१९६७च्या इस्रायलविरुद्धच्या युद्धात देश हरला, तेव्हा साठीच्या आसपासच्या या बाई देशोदेशी गायल्या; पॅरिसच्या ‘ऑलिम्पिया’ सभागृहातसुद्धा. मिळकत देशाला दिली. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हे पर्व सर्वांत मोठं वाटतं.

३ फेब्रुवारी १९७५ला त्या गेल्या. अंत्ययात्रेत लोकांनी शवपेटी आपल्याच खांद्यांवर घेतली आणि ठरलेला मार्ग सोडून हुसेन मशिदीकडे नेली.

आता त्यांच्या गाण्यांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे फोनवर फिरतात. ते ऐकून थांबू नका. एका रात्री जेवणं आटोपल्यावर फोन बाजूला ठेवा आणि ‘इन्ता उमरी’ अख्खं ऐका.