बेळगावचे जुने रेल्वे स्थानक : पाडकामाच्या समर्थनाची चिकित्सा

बेळगावच्या पुनर्विकसित रेल्वे स्थानकाचे लोकार्पण 27 फेब्रुवारी 2023 रोजी झाले आणि सुमारे 190 कोटी रुपयांच्या या नव्या वास्तूने ब्रिटिशकालीन स्थानकाची जागा कायमची घेतली. या बदलाचे समर्थक तीन कारणे पुढे करतात : जुनी इमारत वाढत्या वाहतुकीला अपुरी होती, ती परकीय सत्तेची खूण होती, आणि वारसा म्हणून जपावे असे तिच्यात काही नव्हते. यांपैकी पहिले कारण अर्धेच खरे आहे. उरलेली दोन छाननीत टिकत नाहीत.

गर्दी वाढली होती, हे मान्यच केले पाहिजे. परंतु गाड्यांची क्षमता वाढते ती रूळ, फलाट आणि पादचारी पूल वाढवल्याने. लोंढा–बेळगाव–घटप्रभा मार्गाच्या दुहेरीकरणाचा प्रकल्प हे त्याचेच उदाहरण होय. त्यासाठी दर्शनी इमारत जमीनदोस्त करणे अपरिहार्य नसते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तरी तेथील लोकलची वर्दळ तसूभरही थांबलेली नाही. बेळगावच्या वास्तूचा काही भाग प्रतीक्षालय, आरक्षण कार्यालय किंवा संग्रहालय म्हणून नव्या रचनेत सामावून घेता आला असता.

गुलामीच्या खुणेचा युक्तिवाद इतिहासाचे एकच पान वाचतो. 1876–78 च्या दुष्काळात धान्य वेळेवर पोहोचवता न आल्याची जाणीव दक्षिणेतील रेल्वेविस्तारामागे होती, आणि 1882 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला मार्ग, या प्रदेशातून नेला. भांडवल ब्रिटिशांचे आणि हेतूही बव्हंशी साम्राज्याचे होते; परंतु ज्या बेळगावात लोकमान्य टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये होमरूल लीग स्थापन केली आणि जेथे डिसेंबर 1924 मध्ये गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले, त्या बेळगावला उर्वरित देशाशी जोडणारा लोहमार्ग हाच होता. राज्यकर्त्यांनी घातलेले रूळ स्वातंत्र्याच्या चळवळीने आपल्या कामी लावले, हाही त्या वास्तूचाच इतिहास आहे.

तिसरा युक्तिवाद कोरीव खांब आणि घुमट यांनाच वारसा समजतो. स्थानकाचे मोल त्याच्या कामकाजातही असते. एकेरी मार्गावर पुढील स्थानकापर्यंतचा पट्टा मोकळा असल्याची खूण म्हणून टोकन देण्याची पद्धत होती. वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतला तो पोलादी गोळा हाती आल्याशिवाय चालकाने गाडी पुढे न्यायची नसे. प्रवाशांचे अनुभवही त्याच वारशाचा भाग आहेत : पुणे–मिरज मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला, पण मिरज–लोंढा पट्टा 1990 च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिल्याने मुंबईहून बेळगावला येणाऱ्यांना मिरजेला सामानसुमान उतरवून गाडी बदलावी लागे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यसीमा बदलली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे दळणवळण मराठी आणि कन्नड भाषकांना सारखेच बांधून होते; म्हणूनच या स्थानकाच्या स्मृतीवर एका भाषेची मालकी सांगणेही गैर ठरते.

न्यूयॉर्कचे पेन्सिल्व्हेनिया स्थानक 1963 पासून पाडले गेले, तेव्हा उसळलेल्या लोकक्षोभातून 1965 मध्ये त्या शहराला वास्तुरक्षणाचा कायदा मिळाला. बेळगावची हानी भरून येणार नाही, पण तिच्यातून धोरण निश्चित घडू शकते. जुन्या स्थानकाचे नकाशे, छायाचित्रे आणि वेळापत्रके, तसेच निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मराठी व कन्नड आठवणी गोळा करून नव्या इमारतीतच त्यांचे कायमस्वरूपी दालन उभारले पाहिजे. आणि लोंढा ते मिरज दरम्यान उरलेल्या प्रत्येक जुन्या स्थानकाची वास्तुनोंद पूर्ण होईपर्यंत तेथे पाडकामाला परवानगी देता कामा नये.