वाफ वेळापत्रकात हवी

मेट्टुपालयमहून निघालेली निलगिरीची गाडी कल्लारनंतर दातेरी रुळाला लागते. तिथून कुन्नूरपर्यंत वाफेचे इंजिन डब्यांना मागून रेटत घाट चढवते. चढ 12 फुटांना एक फूट. कुन्नूरला इंजिन बदलते आणि पुढे उटीपर्यंत डिझेल गाडी नेते. एकाच 46 किलोमीटरच्या मार्गावर दोघांच्या कामाची वाटणी ठरलेली आहे. वारसा रेल्वे चालवणाऱ्या आपण सर्वांनी ती नीट समजून घ्यावी.

निलगिरीत वाफ टिकली ती हौसेपोटी नव्हे. दातेरी रूळ पकडून चढण्याचे काम तिथे तीच करते, म्हणून ती टिकली. चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेच्या इंजिनांची बांधणी 1972 मध्ये थांबली होती. तरीही स्वित्झर्लंडहून आलेली जुनी ‘एक्स’ वर्गातील इंजिने थकली, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने त्याच धर्तीची नवी बांधली. 2021 मध्ये कोळशावर चालणारे नवे इंजिनही तिथून बाहेर पडले. नेमाच्या गाडीला इंजिन लागतेच, त्यामुळे कारखान्यालाही बांधणीची विद्या विसरून चालले नाही.

इतरत्र वाफ दिसते ती बहुधा समारंभापुरती. याची किंमत आधी बॉयलर मोजतो. महिनोन्महिने थंड पडलेला बॉयलर पाहुणे यायच्या घाईत भराभर तापवला की आतला फायरबॉक्स आणि बाहेरचे कवच सारखे प्रसरण पावत नाहीत. सारा ताण स्टे-बोल्टांवर येतो. बंद काळात आत राहिलेला ओलावा नळ्या खातो, तो वेगळाच.

माणसांचेही तेच. धुरांडे पुढे ठेवून चढताना पाणी मागे, फायरबॉक्सवर जमते आणि गेज ग्लास भरलेली दिसते. माथा ओलांडून इंजिन उताराला लागले की तेच पाणी पुढे सरकते आणि फायरबॉक्सचा माथा उघडा पडण्याचा धोका निर्माण होतो. दार्जिलिंगच्या मार्गावर घूमला, 2,258 मीटरवर, असाच माथा आहे. मुरलेला फायरमन तिथे पोचण्याआधीच पाण्याची बेगमी करून ठेवतो. केव्हा आणि किती, हे त्या चढावर वारंवार गेल्यानेच कळते. तिथेच इंजिनाच्या पुढच्या बफरपट्टीवर बसून ओल्या रुळावर हाताने वाळू टाकणारी माणसे आहेत. चाक घसरायच्या बेतात आहे, हे त्यांना आवाजावरून उमगते. वर्षाकाठी दोन समारंभांत हे कोण शिकणार?

म्हणून डिझेलला परके मानायचे का? मुळीच नाही. नेरळ–माथेरान मार्ग 1907 मध्ये सुरू झाला. 1950च्या दशकात तिथे जर्मनीच्या युंग कंपनीची डिझेल इंजिने आली आणि 1980च्या दशकाच्या आरंभी वाफ थांबली. म्हणजे त्या घाटात डिझेलचा इतिहास आता जवळपास वाफेइतकाच लांब झाला आहे. त्या इंजिनांचे नकाशे, सुटे भाग आणि जुन्या फिटरांच्या नोंदी हाही आपला वारसाच. शिवाय रोजची वाहतूक डिझेल ओढते, म्हणून रूळ जिते राहतात, आणि रूळ जिते तरच वाफेला धावायला जागा. मात्र डिझेलवर धुरांड्याचा मुखवटा चढवून प्रवाशांची हौस भागते, त्यातून एकही फायरमन घडत नाही.

तेव्हा आमची सूचना सरळ आहे. ज्या मार्गावर वाफेचे एक जरी इंजिन चालू स्थितीत आहे, तिथे आठवड्यातून निदान एक फेरी ठरल्या वारी, ठरल्या वेळी त्याच्या नावावर असावी. डिझेलच्या चालकांना पाळीपाळीने त्या फेरीवर मदतनीस म्हणून पाठवावे. वॉशआउट, स्टे आणि लेड प्लग यांची नोंद शेडच्या वहीत त्याच दिवशी व्हावी. निवृत्त चालकांना सत्कारासाठी बोलावतो, त्याऐवजी मानधन देऊन शिकवायला बोलवावे. खर्च वाढेल, भट्टी पेटवायला पहाटेच्या आधी माणूस लागेल, हे मान्य. पण हे हात एकदा मोकळे झाले, तर नवे इंजिन बांधूनही ते चालवायला कोणी उरणार नाही. येत्या वेळापत्रकात वाफेची फेरी आधी लिहा. उरलेल्या फेऱ्या डिझेल समर्थपणे सांभाळेल.