अपडेटच्या चौकटीतली फुली: सूचनेवरचा विश्वास कसा उडाला?

ऐन कामात स्क्रीनवर चौकट येते: ‘अपडेट उपलब्ध आहे.’ अनेक जण ‘नंतर’ दाबून मोकळे होतात. हा फक्त आळस आहे का? की सूचना देणाऱ्यांचंही काही चुकतंय?

२०१६ मध्ये काय घडलं?

मायक्रोसॉफ्टनं जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आणलं. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना ते वर्षभर मोफत होतं आणि त्यासाठी वारंवार सूचना यायच्या. मे २०१६ मध्ये लोक भडकले, कारण कोपऱ्यातली फुली दाबून चौकट बंद केली, तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. फुली म्हणजे ‘नको’ ही सवय. इथे तिचा अर्थ ‘चालेल’ असा घेतला गेला.

अपग्रेडनंतर कम्प्युटर बिघडल्याची तक्रार घेऊन कॅलिफोर्नियातली एक ट्रॅव्हल एजंट कोर्टात गेली आणि तिला १० हजार डॉलर मिळाले. जूनअखेर कंपनीनं नकाराचा स्पष्ट पर्याय देण्याचं जाहीर केलं.

मग अपडेट बंदच ठेवायचं?

नाही. ‘वॉनाक्राय’ व्हायरसनं १२ मे २०१७ रोजी जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांचं काम कोलमडलं. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. म्हणजे सूचनेवरचा विश्वास उडाला, तर खरा धोकाही दुर्लक्षित राहू शकतो.

चांगली सूचना कशी असते?

- सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी फीचर्स वेगळी सांगते.
- किती वेळ लागेल, रीस्टार्ट लागेल का, हे आधीच सांगते.
- ‘नाही’ म्हणजे नाहीच समजते.
- निकड पाहून आवाज वाढवते. क्रोमनं यासाठी रंग वापरले: अपडेट येऊन दोन दिवस झाले की हिरवा, चार दिवसांनी नारिंगी, आठवड्यानं लाल. काम मात्र अडत नाही.

भारतात नियम काय?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत ग्राहकाच्या सतत मागे लागणं आणि फसवी प्रश्नरचना हेही आहेत.

तुम्ही काय कराल?

एखाद्या वेबसाइटवर ‘ब्राउझर अपडेट करा’ असं झळकलं, तर तिथे क्लिक करू नका. अशा खोट्या चौकटींतून व्हायरस पसरवले जातात. सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः तपासा. आणि अपडेट खरं असेल, तर ‘नंतर’ म्हणजे आज रात्री, पुढच्या महिन्यात नव्हे.