न वाजलेला भोंगा

विशाखापट्टणमजवळील आर. आर. वेंकटापुरम येथे 7 मे 2020 रोजी पहाटे, वस्ती झोपेत असताना, एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीन वायू बाहेर पडला व बारा जणांचा बळी गेला. टाळेबंदीत उत्पादन थांबले होते. टाकीतील साठा मात्र तसाच होता. स्टायरीन थंड ठेवले नाही तर ते आपल्याच उष्णतेने तापत जाते, हे त्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक असते. आंध्र सरकारच्या उच्चाधिकार समितीने धोक्याचा भोंगा वाजविला गेला नसल्याचेही नमूद केले. वस्तीला जागे करू शकणारा तो एकच आवाज होता.

घरेच कारखान्याला येऊन चिकटली, असे मालकवर्गाचे अशा वेळी ठरीव उत्तर असते. कारखाना 1961 चा, हे खरेच. पण राबणाऱ्याला परवडणारे घर भिंतीलगतच मिळते, आणि वाढीव उत्पादन कोणी वस्तीला विचारून केलेले नव्हते. वैध पर्यावरण-मंजुरी नसल्याचे कंपनीने 2019 साली स्वतःच प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले होते. तरीही उत्पादन चालू राहिले!

वायुगळतीची निदान बातमी होते. रात्रभर धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरची कोण दखल घेतो? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्रीची मर्यादा निवासी भागात 45 डेसिबल, तर औद्योगिक भागात 70 आहे. हा फरक दिसतो पंचवीसाचा, पण ध्वनीच्या तीव्रतेत तो तीनशे पटींहून अधिक भरतो. कुंपणालगतची चाळ नकाशावर कोणत्या रंगात रंगविली, यावर तेथील मुलांची झोप ठरते. आणि रंग भरणारे हात सरकारचे. रातपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराचा विचार तर या कोष्टकात नाहीच.

धाक होता तोही ढिला करण्यात आला. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती काढून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला. बड्या कंपनीच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ खर्चात बसते. विश्वास कोणत्या जनांवर टाकला, हे निराळे सांगावयास नको.

तक्रार झाली की मालक कारखाना बंद करण्याची धमकी देतो आणि वस्तीला कामगारांविरुद्ध उभे करतो. काही युनियन या डावात सापडतात, हे कबूल केले पाहिजे. वस्तुतः विषारी हवा प्रथम कामगाराच्याच छातीत जाते, आणि झडपा कोठे गळतात हे तपासनिसाआधी त्यालाच कळते. म्हणून यंत्रांना आवाजरोधक आवरण, टाक्यांची नियमित तपासणी व वस्तीसह भोंग्याची चाचणी या मागण्या पगारवाढीच्या मागणीपत्रातच आल्या पाहिजेत. प्रदूषण मंडळाचे संमतिपत्र माहिती अधिकाराखाली मागता येते. त्यातील अटी मराठीत, तेलुगूत, वस्तीच्या भाषेत लिहून कारखान्याच्या दारावर लावण्याचे काम औद्योगिक भागातील शाखांनी या पावसाळ्यापूर्वीच हाती घ्यावे.